हनीपॉट लेन ते खराडी : एका संगणक कंपनीची वाटचाल

लंडनचं महाराष्ट्र मंडळ डॉलिस हिल भागात आहे. मंडळाच्या गणपतीला ज्युबिली लाइनने जाणारी बहुतेक मराठी मंडळी डॉलिस हिलला नाहीतर नीसडनला उतरतात. गाडी मात्र पुढे वेम्ब्ली पार्क, किंग्जबरी, क्वीन्सबरी, कॅनन्स पार्क करत स्टॅनमोरला जाऊन थांबते. तिथून पुढे रूळ नाहीत. मंडळाची स्थापना १९३२ची आणि स्टॅनमोरचं स्टेशनही १९३२चंच. स्टॅनमोर म्हटलं की इतिहासाची आवड असणाऱ्याला बेंटली प्रायरीचा वाडा आठवतो. १९४०च्या हवाई लढाईत ब्रिटनच्या लढाऊ विमानांना हुकूम सुटत ते तिथून. पण संगणकाच्या धंद्याच्या दृष्टीने पाहायचं, तर कॅनन्स पार्कजवळच्या हनीपॉट लेनवर यायला हवं. आज तिथे निवासी इमारतींचा मोठा प्रकल्प आहे. दुसऱ्या महायुद्धात त्या जागी साध्या सरकारी इमारती होत्या आणि आत ब्लेचली पार्क या शत्रूचे सांकेतिक संदेश फोडणाऱ्या केंद्राचं एक उपकेंद्र अहोरात्र चालू होतं.

जर्मन लष्कराचे एनिग्मा यंत्रावरचे संदेश फोडायला ब्लेचलीने जी यंत्रं वापरली, त्यांना ‘बॉम्ब’ म्हणत. ही सगळी एकाच जागी ठेवली आणि तिथे एक विमानहल्ला नेमका बसला, तर सगळंच संपलं. म्हणून ती विखरून ठेवली होती आणि स्टॅनमोर व ईस्टकोट ही त्यातली दोन मोठी केंद्रं होती. एकेक यंत्र सुमारे सात फूट रुंद, साडेसहा फूट उंच, वजनाला टनभर. पुढच्या अंगाला १०८ ड्रम बसवलेले, म्हणजे एकाच वेळी छत्तीस एनिग्मा फिरवल्यासारखं. महिला नौदल सेवेतल्या मुली ती चालवत. ब्लेचलीहून कोणती जोडणी करायची त्याचा आराखडा येई, त्याला त्या ‘मेन्यू’ म्हणत. त्याप्रमाणे मागच्या बाजूला जाड केबली खोचायच्या, पुढे ठरलेल्या रंगाचे ड्रम चढवायचे आणि यंत्र सोडायचं. ड्रमच्या पाठीला बारीक तारांचे ब्रश असत. त्यातली एक तार जरी शेजारणीला चिकटली, तरी शॉर्टसर्किट होऊन यंत्र भलतीकडेच थांबे. म्हणून पाळीतला बराच वेळ हातात चिमटा घेऊन एकेक तार सरळ करण्यात जाई. खोलीत तेलाचा वास, उकाडा आणि कान किटवणारा खडखडाट. आपण नेमकं काय फोडतोय याचा त्यांना पत्ता नसे, आणि जेवढं माहीत होतं तेही पुढे तीस वर्षं घरात कुणाला सांगायची सोय नव्हती.

बॉम्बला संगणक म्हणायचा मोह होतो, पण तो संगणक नव्हता. त्याला स्मृती नव्हती, बेरीज येत नव्हती. एकच काम त्याला येई आणि ते तो झपाट्याने करी. मात्र तो बनवला कुणी, हे महत्त्वाचं. अ‍ॅलन ट्यूरिंग आणि गॉर्डन वेल्शमन यांच्या कल्पना यंत्रात उतरवल्या हॅरल्ड कीन यांनी, आणि कीन ज्या कंपनीचे इंजिनिअर होते तिचं नाव ब्रिटिश टॅब्युलेटिंग मशीन कंपनी. आपण तिला बीटीएम म्हणू. कारखाना लेचवर्थ गावात. युद्धकाळात जागा पुरेना, तेव्हा त्याच गावातल्या स्पिरेला नावाच्या, बायकांच्या कॉर्सेटांच्या कारखान्यातही सांकेतिक यंत्रांचं काम झालं. युद्ध संपेपर्यंत दोनशेच्या वर बॉम्ब बाहेर पडले.

या बीटीएमची जन्मकथा म्हणजे आश्रितपणाची कथा आहे. हर्मन हॉलरिथ यांच्या छिद्रपत्र यंत्रांनी अमेरिकेची १८९०ची जनगणना झपाट्याने उरकली. ती यंत्रं ब्रिटनमध्ये विकण्यासाठी १९०२ साली एक छोटी कंपनी निघाली आणि १९०७ साली तिचं नाव बीटीएम झालं. हॉलरिथ यांचा अमेरिकेतला धंदा पुढे आयबीएम झाला. करार असा की कॅनडा वगळता सगळं ब्रिटिश साम्राज्य बीटीएमचं, पण उत्पन्नाचा पंचवीस टक्के हिस्सा अमेरिकेला धाडायचा. चक्क चौथाईच! चौथाई भरणाऱ्याचं जे होतं तेच झालं. आहे तो मुलूख सुरक्षित राहिला, पण नवं काही उभं करायला गाठीला पैसा उरला नाही. संशोधन अमेरिकेत आणि विक्री लेचवर्थला, अशी चाळीस वर्षं गेली. हिंदुस्थान या करारात आपोआप आला. आपल्याकडच्या कचेऱ्यांत आणि संस्थांत हॉलरिथ यंत्रं दिसत ती यामुळे.

१९४९ साली हा करार मोडला. आता आयबीएमला साम्राज्यात शिरायची मुभा आणि बीटीएमला चौथाईतून सुटका. जोखड उतरलं ही चांगली गोष्ट, पण त्याचबरोबर अमेरिकेतून आयता येणारा मालही थांबला. आणि हे झालं नेमकं इलेक्ट्रॉनिक संगणक दारात उभा असताना.

मग कंपनीने काय केलं? लंडनच्या बर्कबेक कॉलेजात अँड्र्यू बूथ नावाचे एक प्राध्यापक तुटपुंज्या पैशांत संगणक उभा करत होते आणि त्याची जुळणी चालू होती फेनी कॉम्प्टन गावच्या एका कोठारात, त्यांच्या वडिलांच्या घराशेजारी. १९५१च्या सुरुवातीला बीटीएमचे तरुण इंजिनिअर रेमंड बर्ड दोघा-तिघांना घेऊन त्या कोठारात गेले, आराखडे उतरवून घेतले आणि वर्ष संपायच्या आत लेचवर्थला आपलं यंत्र चालवून दाखवलं. त्याला ‘हेक’ म्हणत. फिरत्या चुंबकीय ड्रमवर स्मृती, यंत्र बेताचं, पण किंमत मध्यम कंपनीला झेपेल अशी. त्याची सुधारलेली पिढी शंभराच्या आसपास खपली. त्या काळच्या ब्रिटनमध्ये हा आकडा फार मोठा. या कंपनीच्या शंभर वर्षांत मला सगळ्यांत आवडतं ते हेच वर्ष. माणसं मोजकी, पैसा मोजका, आणि आपलं गिऱ्हाईक कोण हे पक्कं ठाऊक.

हेकच्याच मालिकेतलं एक ‘हेक-२एम’ १९५५ साली कोलकात्याला प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत आलं. किंमत सुमारे दोन लाख रुपये, स्मृती १,०२४ शब्दांची. भारतातला हा पहिला डिजिटल संगणक. स्टॅनमोरच्या खोल्यांत घरघरणारी यंत्रं आणि कोलकात्यात दुसऱ्या पंचवार्षिक योजनेच्या दिवसांत आलेलं हे यंत्र, दोन्ही एकाच कारखान्याची. मधे फक्त दहा वर्षं गेली होती.

यानंतरचा काळ विलीनीकरणांचा, आणि तो मी भराभर सांगतो, कारण कंपन्यांची नावं बदलण्यापलीकडे त्यात रस कमी आहे. १९५९ साली बीटीएम आणि तिची जुनी प्रतिस्पर्धी पॉवर्स-सॅमस एकत्र येऊन आयसीटी झाली. १९६३ साली फेरँटीचा व्यावसायिक संगणकांचा विभाग तिने घेतला. एप्रिल १९६४मध्ये आयबीएमने सिस्टिम/३६० जाहीर केली आणि जगातल्या सगळ्या छोट्या संगणक उत्पादकांच्या तोंडचं पाणी पळालं. आयसीटीने त्याच सप्टेंबरात १९०० मालिका आणून उत्तर दिलं, आणि उत्तर चांगलं होतं. अखेर १९६८ साली हॅरल्ड विल्सन यांच्या सरकारने आयसीटी आणि इंग्लिश इलेक्ट्रिकचा संगणक विभाग यांचं लग्न लावून दिलं. त्यातून इंटरनॅशनल कॉम्प्युटर्स लिमिटेड, म्हणजे आयसीएल जन्माला आली. सरकारने स्वतः दहा टक्क्यांच्या आसपास भांडवल घातलं. अमेरिकेबाहेरची सर्वांत मोठी संगणक कंपनी असं तिचं कौतुक झालं. पण घरात दोन बिऱ्हाडं होती. १९०० मालिका स्वतःच्या वळणाची होती आणि इंग्लिश इलेक्ट्रिकची सिस्टिम ४ आयबीएमशी जुळणारी. दोन्हींच्या गिऱ्हाइकांना दुखवायचं नव्हतं, म्हणून आयसीएलने दोघांपेक्षा वेगळी तिसरीच २९०० मालिका आखली. ती १९७४ साली आली. तिची व्हीएमई ही कार्यप्रणाली जाणकारांनी वाखाणली. ब्रिटिश सरकारच्या कामात ती यंत्रं बंद झाल्यावरही कितीतरी वर्षं टिकून होती. बाहेरच्या बाजारात मात्र ती कुणाशीच जुळत नव्हती.

आता पुण्याकडे येऊ. या कंपनीची भारतातली उत्पादन शाखा १९६३ साली पुण्यात नोंदवली गेली. पुढे ती आयसीआयएम म्हणून ओळखली गेली. सत्तरच्या दशकात १९०० मालिकेतल्या यंत्रांची जुळणी तिथे होई. आयबीएम तेव्हा भारतात बसलेली होतीच. परदेशात निवृत्त झालेली १४०१ यंत्रं डागडुजी करून इथे भरमसाट भाड्याने द्यायची ही तिची रीत संसदेच्या लोकलेखा समितीने चव्हाट्यावर आणली. मग १९७३च्या परकीय चलन नियमन कायद्याचा बडगा आला. भारतीय शाखेतला परदेशी हिस्सा चाळीस टक्क्यांवर आणा, असं सरकारने सांगितलं. आयबीएमने नकार दिला. जनता सरकारात जॉर्ज फर्नांडिस उद्योगमंत्री होते. मुंबईच्या कामगार चळवळीत तयार झालेला माणूस. तेही हटले नाहीत आणि १९७८ साली आयबीएम देश सोडून गेली. आयसीएलने मात्र अट मान्य केली, हिस्सा कमी केला आणि पुण्यातलं दुकान चालू ठेवलं.

इथे थांबून एक गोष्ट बोलायला हवी. बलाढ्य प्रतिस्पर्धी अंगणातून निघून गेला, सरकार अनुकूल, कारखाना उभा, शिकलेली माणसं हाताशी. छोट्या कंपनीला आणखी काय हवं असतं? तरीही आयसीआयएम भारताची आयबीएम झाली नाही. पोकळीत शिरले ते दुसरेच. आयबीएमची यंत्रं सांभाळायला सरकारी सीएमसी पुढे आली, टाटांनी बरोज कंपनीशी हात मिळवून मुंबईच्या सीप्झमध्ये बस्तान बसवलं आणि दिल्लीत एचसीएल, डीसीएम यांनी स्वतःचे छोटे संगणक काढले. पुण्यातल्या कारखान्याने काय बनवायचं हे ठरत होतं इंग्लंडात, आणि इंग्लंडातली आयसीएल स्वतःच आयबीएमच्या जुन्या, अवाढव्य मेनफ्रेमच्या मागे धावत होती. चौथाई गेली तरी आश्रितपणाची सवय जात नाही, ती अशी. लेचवर्थने अमेरिकेकडे पाहावं, पुण्याने लेचवर्थकडे.

१९८१ साली आयसीएल खुद्द ब्रिटनमध्ये बुडायला आली. मार्गारेट थॅचर म्हणजे सरकारी टेकू काढून घेण्यासाठी नावाजलेल्या बाई, पण त्यांच्याच सरकारने वीस कोटी पौंडांच्या कर्जाला हमी दिली. सरकारचा पगारपत्रकापासून करवसुलीपर्यंतचा गाडा याच यंत्रांवर चालत होता. कंपनी बुडाली असती तर सरकारही अडकलं असतं. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्समधून आलेल्या रॉब विल्मट यांनी हजारोंना घरी पाठवलं आणि चिप व हार्डवेअरसाठी जपानच्या फुजित्सूशी करार केला. तो शहाणपणाचा होता. फक्त दुसऱ्याच्या यंत्रावर आपलं नाव लावणाऱ्याचं पुढे काय होतं, हे बीटीएमने पूर्वी एकदा भोगलेलं होतं. १९८४ साली एसटीसी या दूरसंचार कंपनीने आयसीएल विकत घेतली. १९९० साली तिचे ऐंशी टक्के फुजित्सूकडे गेले. नव्या शतकाच्या पहिल्या काही वर्षांत आयसीएल ही पाटीही उतरली.

पाटी उतरण्याआधी तिने एक शेवटचं मोठं काम हाती घेतलं होतं आणि ते तिच्या नावाला कायमचं चिकटलं. १९९६ साली ब्रिटनच्या टपाल कचेऱ्या संगणकावर आणण्याचं कंत्राट आयसीएलला मिळालं. त्यातून ‘होरायझन’ ही प्रणाली आली. गावोगावच्या पोस्ट मास्तरांच्या हिशेबात या प्रणालीमुळे खोटी तूट दिसू लागली. प्रणाली चुकत नाही, माणूसच चोर आहे, असं पोस्टाने धरलं. नऊशेंहून अधिक माणसांवर गुन्हे शाबीत झाले, काहींना तुरुंगवास घडला, घरं गेली. वायव्य लंडनमधल्या आपल्या गुजराती, पंजाबी शेजाऱ्यांसारखे पोस्टाचं आणि किराण्याचं दुकान एकत्र चालवणारे भारतीय वंशाचे लोक त्यात कितीतरी होते. प्रणालीत दोष असल्याचं न्यायालयाने २०१९ साली स्पष्ट म्हटलं. २०२४ साली फुजित्सूच्या युरोपप्रमुखांनी संसदीय समितीपुढे माफी मागितली आणि शिक्षा रद्द करण्यासाठी खास कायदा झाला. सरकारी गिऱ्हाईक एकदा कायमचं मिळालं की तक्रार ऐकून घेण्याची गरज उरत नाही. आयसीएलला मायबाप सरकारने जगवलं आणि त्याच सरकारने तिची ही खोडही पोसली, असं माझं मत आहे.

पुण्याच्या शाखेने मात्र तोवर वेगळी वाट धरली होती. नव्वदच्या दशकात आयात खुली झाली आणि देशात यंत्र बनवून विकण्यातला नफा आटला. आयसीआयएमने १९९१ साली सॉफ्टवेअरसाठी वेगळी कंपनी काढली, शतकाच्या अखेरीस यंत्रांचा धंदा सोडून दिला आणि २००० साली नाव घेतलं झेन्सार. आरपीजी समूहाची ही कंपनी. नगर रोडवरून खराडीला जाताना तिचा मोठा परिसर लागतो. दहा हजारांहून अधिक माणसं कामाला, ग्राहक अमेरिका, ब्रिटन, दक्षिण आफ्रिकेत. स्टॅनमोरला बॉम्ब पुरवणाऱ्या कारखान्याचा जो एक धागा स्वतःच्या पायावर उभा राहिला, तो हा. आत शिरणाऱ्या पोरापोरींपैकी किती जणांना ही वंशावळ ठाऊक असेल, कोण जाणे.

मूळ कंपनी संपली तरी तिचा एक धागा जगला, याचं ब्रिटनमध्येच दुसरं उदाहरण आहे, केंब्रिजच्या एकॉर्नचं. शाळाशाळांतून गेलेला बीबीसी मायक्रो याच कंपनीचा. आयबीएमच्या पीसीपुढे तिचे संगणक टिकले नाहीत आणि १९८५ साली ओलिव्हेट्टीने तिचा ताबा घेतला. पण त्याच वर्षी तिच्या सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर यांनी आखलेली आर्म ही चिप चालू झाली. १९९० साली आर्मची वेगळी कंपनी निघाली, ती स्वतः एकही चिप न बनवता फक्त रचना विकू लागली. एकॉर्न संपली. आर्मची रचना मात्र तुमच्या खिशातल्या मोबाइलमध्ये आहे.

हे सगळं आज उगाळायचं कारण पुण्यातच आहे. १९८८ साली डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली पुण्यात सीडॅक ही सरकारी संगणक संशोधन संस्था उभी राहिली, क्रे महासंगणक द्यायला अमेरिका कुरकुर करत होती म्हणून. १९९१ साली तिने परम ८००० बनवला. त्यातल्या ट्रान्सप्युटर चिपा ब्रिटनच्या इन्मॉस कंपनीच्या होत्या, आणि ही इन्मॉसही छोटीच, तिची रचनाही पुढे अडगळीत गेली. सीडॅक अडली नाही, तिने पुढच्या यंत्रांत दुसऱ्या चिपा घातल्या. २०२० साली तिचा परम सिद्धी-एआय जगातल्या महासंगणकांच्या यादीत त्रेसष्टावा आला. सप्टेंबर २०२४मध्ये तीन परम रुद्र यंत्रं राष्ट्राला अर्पण झाली. त्यातलं एक पुण्याच्या जीएमआरटीचं, नारायणगावजवळच्या महाकाय दुर्बिणीच्या कामासाठी. रुद्र सर्व्हर सीडॅकने स्वतः आखलेला आहे. शिवाय आर्मच्या रचनेवर बेतलेला, ९६ कोअरचा ‘औम’ नावाचा प्रोसेसर ती विकसित करते आहे.

सीडॅकपुढे आज एनव्हिडिया, इंटेल, एएमडी आहेत, आणि आयसीएलपुढच्या आयबीएमपेक्षा हे तिघे मिळून कितीतरी बलाढ्य. त्यांना सगळ्या आघाड्यांवर गाठायला निघालं तर २९०० मालिकेची पुनरावृत्ती होईल. यंत्र उत्तम, जुळणार कुणाशीच नाही. आर्म घेतल्यामुळे निदान ती चूक टळली आहे, कारण त्यावरचं सॉफ्टवेअर जगाने आधीच लिहून ठेवलंय. राहिला प्रश्न गिऱ्हाइकाचा. राष्ट्रीय महासंगणक मोहीम २०१५ साली साडेचार हजार कोटींची मंजूर झाली आणि सीडॅकची यंत्रं आयआयटी, आयसर, हवामान व संशोधन संस्था अशा ठिकाणी गेली. म्हणजे विकणारं सरकार आणि घेणारंही सरकारच. सुरुवातीला हे चालतं, हेकच्या वेळीही कोलकात्याची संस्था सरकारी पैशावरच उभी होती. पण हेक त्याच सुमारास खासगी कंपन्याही स्वतःच्या पैशाने विकत घेत होत्या. औमची परीक्षा मला विचाराल तर ती महासंगणकांच्या यादीतल्या क्रमांकावर होणार नाही. चाकणचा एखादा वाहन कारखाना किंवा हिंजवडीतली एखादी कंपनी जेव्हा अनुदानाशिवाय, किमतीची घासाघीस करून रुद्र सर्व्हर मागवेल आणि बिघडल्यावर सीडॅकला धारेवर धरेल, तेव्हाच या यंत्राला भवितव्य आहे असं म्हणता येईल. तोवर त्याला सरकारी यंत्रच म्हणावं.